बुडालेल्या जहाजात लसूण

तुम्ही साबण आणायला कोपऱ्यावर जाता ना, तशी आमची धाकटी बहीण समुद्राच्या तळाशी जाऊन येते. लहानपणी बादलीत तोंड बुडवून बसायची, म्हणून तिचं नावच पडलं बादली. आई ओरडायची, "मरशील गं!" आणि मी शेजारी उभा राहून आकडे मोजायचो. म्हणजे तिचा पहिला गुरू मीच. माझी शाळा सातवीपर्यंतच झाली, पण आकडे पक्के.

बंदरावरच्या डायव्हिंगच्या दुकानात आम्ही दोघंही कामाला. युद्धात बुडालेलं एक जहाज आहे, ते बघायला पर्यटक येतात. त्यांच्याबरोबर बादली खाली उतरते आणि मी मागच्या शेडमध्ये सिलिंडर भरतो. खाली ती जो श्वास घेते तो माझ्या हातचा, हे लोक विसरतात.

आठ वर्षं ती मदतनीसच. दुसऱ्यांच्या पिशव्या उचला, दुसऱ्यांचे मुखवटे पुसा. गटाचं प्रमुख व्हायला बिल्ला लागतो आणि बिल्ला देणारा परीक्षक वर्षातून एकदाच येतो. त्या दिवशी तो आला. असा कडक, की नाकावर माशीसुद्धा विचारून बसावी.

"दादा, आज तू काही करू नकोस," बादली म्हणाली.

"मी काय करतो?"

"तेच. काहीच करायचं नाही."

आता मी थोरला भाऊ. पाहुणा पाण्यातून गारठून येणार, त्याला गरम ऑम्लेट नको? सिलिंडर भरायला लावले आणि शेडबाहेर स्टोव्ह पेटवला. लसूण आधी परतून ठेवू, अंडी ते आल्यावर फोडू. वारा फार होता, म्हणून स्टोव्ह खिडकीखाली आडोशाला ठेवला. सिलिंडरमध्ये हवा भरणाऱ्या कंप्रेसरची, बाहेरची हवा ओढणारी नळी त्याच खिडकीतून बाहेर काढलेली असते. पाकळ्या पंधरा. माझा हात सढळ आहे.

पुढचं बादलीने सांगितलेलं. वर असताना तिला वाटलं, नाश्त्याची चव राहिली असेल तोंडात. पण खोल गेलं की हवा दाटते, आणि चवही. दोघं जहाजाच्या स्वयंपाकघरात शिरले. गंजलेली चूल, भलंमोठं पातेलं, पातेल्यात एक जाडा मासा घरमालकासारखा बसलेला. आणि तोंडभर खमंग लसूण! काचेमागे परीक्षकाचे डोळे बशीएवढे. तो पातेल्याकडे बघतोय, मासा त्याच्याकडे.

हवेला चव आली की वर यायचं, असा नियम. पण फेरी अर्धी सोडली तर बिल्ला गेलाच म्हणायचा. तरी बादलीने अंगठा वर केला, म्हणजे पाण्याखालच्या खुणेत 'वर चला'. परीक्षकाने मान हलवली. नाही! त्याला पातेल्यात काय शिजतंय ते बघायचं होतं. मग पोरीने सरळ त्याचा पट्टा धरला, बाजारातली पिशवी ओढावी तसा बाहेर ओढला आणि थांबत थांबत, नियमाने, वर आणला.

दोघंही धक्क्यावर चढले. बादलीचा चेहरा रडवेला. मी तवा पुढे केला. "साहेब, गरम आहे."

परीक्षकाने तव्याचा वास घेतला. मग खिडकीकडे बघितलं. मग नळीकडे. मग माझ्याकडे.

"दादा!" बादली किंचाळली.

"वारा होता गं."

"मला वाटलं, जहाजाचा आचारी अजून कामावर आहे," परीक्षक म्हणाला. मग बादलीकडे वळला. "मी नको म्हणालो होतो ना?"

"हो साहेब."

"तरी मला खेचलंस? मला?"

"हवा खराब होती साहेब. तिथे तुमच्या जागी दादा असता तरी खेचला असता. त्याला जरा जास्त जोरात."

"हेच बघायला येतो मी," म्हणत त्याने खिशातून बिल्ला काढला.

मग दोन ऑम्लेटं खाल्ली आणि तोंड पुसून कागदावर लिहिलं, की नवीन प्रशिक्षण होईपर्यंत या माणसाने सिलिंडरला हात लावू नये. प्रशिक्षण आता बादलीच देते मला. रागावते फार. पण लसूण नसता तर तिने त्या दिवशी काय करून दाखवलं असतं? प्रश्नपत्रिका मी काढली होती!

बिल्लाही मीच लावला तिच्या जाकिटाला. हात धुवायचे राहिले होते. अजून वास येतो त्याला.