मुक्कामाची पट्टी

जालना स्टेशनासमोर माझ्या ओळखीच्या एका वयस्क गृहस्थांची सराई होती. गाडीची शिट्टी ऐकली की ते खाटा झटकायला लागत आणि येईल त्याला "बिलकुल, बिलकुल" म्हणत आत घेत. सरकारने मुसाफिरांच्या मुक्कामावर नवी पट्टी बसवली, तेव्हापासून जांबच्या यात्रेला जाणारे लोक बाहेर झाडाखालीच पथारी टाकू लागले. खाटा रिकाम्या पडल्या.

एका संध्याकाळी झाडाखाली एक अनोळखी बाई तापाने फणफणलेली दिसली. त्यांनी तिला आत आणून निजवलं. मी तिथंच चहा पीत होतो. एवढ्यात पट्टी वसूल करणारा रुमी टोपीवाला कारकून आला.

"आतली मुसाफिर कोण?"

"मुसाफिर न्हाई साहेब, बहीण हाय माझी. सकाळीच आल्ती."

"नाव काय बहिणीचं?"

ते शेजारची रिकामी खाट झटकू लागले. आतून क्षीण आवाज आला, "दादा, कोण आलंय? पाव्हण्यांला च्या टाकू का?"

कारकून निघून गेला. ते मात्र कितीतरी वेळ उंबऱ्यातच उभे होते.