आधीच उघडे आहे

जगातील यच्चयावत दुःखांचे मूळ एकच गोष्ट दोनदा उघडण्यात आहे, असे ठामपणे मानणारे एकच गृहस्थ उदगिरात राहतात, आणि ते माझे साडू असल्यामुळे हे तत्त्वज्ञान ऐकण्याचा मान मला वारंवार मिळत आला आहे.

ते शाळांसाठी संगणकाचे प्रोग्राम लिहितात. मी शिकवतो त्या जळकोटच्या शाळेचा निकाल त्यांच्याच प्रोग्रामवर लागतो. आमचे लिपिक पडद्यावरचे त्याचे चित्र दाराच्या बेलसारखे दाबत राहतात. आतून कोणी येईपर्यंत थांबायचे नाही. संगणक वृद्ध, तो सावकाश विचार करतो आणि मग एकदम पाच-सहा खिडक्या उघडून मोकळा होतो. एकीत गुण भरावेत, दुसरीत जुनेच जतन व्हावेत, आणि नव्यावर जुने बसावे. अशाच गोंधळात एका वर्षी वर्गातील सर्वांत हुशार मुलगी गणितात नापास झाली. साडूंनी हा आपल्या कुळाचा अपमान मानला. त्यांनी योजना केली ती अशी : प्रोग्राम उघडताच तो आपल्या दाराशी एक छोटीशी फाइल ठेवतो, तिला ते कुलूप म्हणतात. दुसऱ्यांदा कोणी उघडू गेले, की कुलूप पाहून प्रोग्राम माघारी फिरतो आणि पडद्यावर अक्षरे येतात : ‘मी आधीच उघडा आहे. खाली बघा. दम धरा.’ समजूतदार मनुष्य पहिल्या वाक्यावर थांबला असता.

एका वेळी एकच, हा नियम त्यांनी संसारालाही लावला. चहाबरोबर बिस्कीट नाही. आधी चहा, मग बिस्कीट. फोनवर मी प्रकृती आणि पाऊस एका दमात विचारले, तर उत्तर ठरलेले : “एक संपू द्या, साडूभाऊ.” माझी मेहुणी, म्हणजे त्यांची पत्नी, हे सारे आनंदाने भोगत असे. पाहुणे आले की ती गॅसचे दोन्ही बर्नर मुद्दाम एकदम पेटवी, आणि हे भिंतीकडे तोंड करून बसत. “बगा, कसं तोंड झालंय,” ती आम्हाला म्हणे, “लई मजा येती मला.”

ती गेली, त्याला आता दुसरा उन्हाळा. साडूंनी एकट्याने जेवू नये, असे माझ्या पत्नीने ठरवले, धर्माबादच्या एक विधवा शिक्षिका हेरल्या, आणि विषय काढण्याचे काम अर्थातच माझ्यावर सोपवले. मी मुद्दे क्रमवार तयार केले. संधी निकालाच्या दिवशी आली. ऐन कामात वीज गेली. परत आली तेव्हा प्रोग्राम उघडेना. पालक व्हरांड्यात ताटकळत होते. “सर, आत कोणीच न्हाई,” लिपिक रडकुंडीला येऊन म्हणाले, “आन् हे म्हणून राहिलंय, मी उघडा हाय.”

उपाय फोनवर सांगता आला असता. परंतु आपले कुलूप दुसऱ्याने काढलेले साडूंना चालत नाही. ते बसने आले. वीज अचानक गेल्याने प्रोग्राम कुलूप न काढताच मेला, आणि आतले गेले हे कुलपाला कळत नाही, असे त्यांनी सर्वांना समजावले. मग ती फाइल पुसली. निकाल लागला.

चहा आला तेव्हा मी धर्माबादचा विषय मुद्देसूद मांडायला घेतला. त्यांनी आधी चहा संपवला.

“आत्ताच सांगितलं की, साडूभाऊ,” ते म्हणाले. “आतलं गेलं तरी कुलूप ऱ्हातंय. ते हातानं काढावं लागतंय.” कप त्यांनी हळूच बशीत ठेवला. “हात धजत न्हाई.”

माझे उरलेले मुद्दे तसेच राहिले.

गेल्या रविवारी मी न कळवता उदगीरला गेलो. ते स्वयंपाकघरात स्वतःपुरता चहा करीत होते. एका बर्नरवर पातेले होते. दुसरा नुसताच पेटवलेला होता, आणि ते भिंतीकडे तोंड करून बसले होते. गॅस वाया जात असल्याचे निदर्शनास आणून देणे हा माझा जन्माचा स्वभाव आहे. पण चहाला उकळी येईपर्यंत मी उंबऱ्यातच थांबलो.