पायमोज्यांवर शोधलेली कबर

मँचेस्टरमध्ये आमच्या शेजारी एक जमैकन आंटी राहायच्या. सत्तरी ओलांडलेल्या रिटायर्ड नर्स. त्यांनी मागच्या अंगणात मांजराला हाक मारली की आमच्या किचनमध्ये मी हातातलं काम टाकून ताठ उभी राहायची. दोन हजार सहाच्या हिवाळ्यात त्यांनी घर विकलं. मार्चमध्ये त्या लेकीकडे मिल्टन कीन्सला कायमच्या जाणार होत्या. त्याआधी त्यांना आजोबांची कबर शोधायची होती.

आजोबा बोटीवर भट्टीत कोळसा टाकायचे. या आजोबांची आजी जमैकात उसाच्या मळ्यावर गुलाम म्हणून जन्मली होती. आजोबा बोटीवरून इथे उतरले, इथेच वारले आणि गरिबांच्या भागात पुरले गेले. नावाचा दगड कोणी लावला नाही. आंटींकडे कौन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, दिलेला नकाशा आणि कबरीचा नंबर होता. "तू कॉम्प्युटरवाली, तुला नकाशे कळत असतील," म्हणून त्यांनी मला कामाला जुंपलं. मी सॉफ्टवेअर टेस्टर, दुसऱ्यांच्या चुका शोधणं हाच माझा धंदा. त्यामुळे रुबाब मोठा.

दोन शनिवारांत तो रुबाब चिखलात गेला. नकाशात रांगा होत्या, जमिनीवर नुसतं गवत. मी पावलं मोजायची, आंटी छत्रीने दिशा दाखवायच्या आणि आमचं काही जुळायचं नाही. तिसऱ्या शनिवारी मी नवऱ्यालाही ओढून नेलं. तो झाडाला टेकून म्हणाला, "तू ऑफिसमध्येपण असंच टेस्टिंग करतेस का? सिरियसली विचारतोय."

साडेतीनलाच उजेड कमी व्हायला लागला. आंटी बाकावर बसल्या. "राहू दे," त्या म्हणाल्या. "इथेच कुठेतरी आहेत ते, तेवढं पुरे." ते ऐकून मला रडू यायला लागलं, आणि मला रडू आलं की राग येतो. मी पिशवीतून मेणबत्ती काढली. नंबर सापडत नाही तर नाही, रांगेच्या मधोमध लावून वंदन करू. वंदन म्हटल्यावर हात आपोआप बुटांच्या नाड्यांकडे गेले. नागपूरला विहारात चपला काढून शिरायची सवय. इथे त्या थंडीत मी ओल्या गवतावर नुसत्या मोज्यांवर उभी. नवऱ्यानेही निमूटपणे बूट काढले. आंटी म्हणाल्या, "न्यूमोनिया झाला तर माझ्याकडे येऊ नका. मी रिटायर्ड आहे."

चौथ्याच पावलाला मला अशी ठेच लागली की तोंडून जे निघालं ते कुठल्याच वंदनेत बसत नाही. बुटांना तीन शनिवार जे कळलं नव्हतं ते अंगठ्याला कळलं. गवताखाली विटेएवढा दगड होता. नवऱ्याने घराच्या चावीने माती खरवडली, तर वर नंबर कोरलेला. आमच्यापेक्षा दोनने कमी. एक जागा सोडून पुढे खरवडलं आणि आजोबांचा नंबर निघाला.

आंटी छत्री टेकत आल्या. त्यांनी आजोबांना चांगली पंधरा मिनिटं घरादाराची खबरबात दिली. गुडघ्याचं ऑपरेशन, नातवाचं मोडलेलं लग्न, काही म्हणून वगळलं नाही. मग आजोबांचं पूर्ण नाव तीनदा मोठ्याने घेतलं. आम्हालाही घ्यायला लावलं.

मी बाकावर बसून मोजे पिळत होते. आंटींनी विचारलं, "तुमच्यात कबरी नसतात ना?"

"आता जाळतात. पण माझ्या पणजीला पुरलं होतं. गावकुसाबाहेर, ओढ्याच्या काठाला. तिथेही दगड नाही."

"नाव काय तिचं?"

ते मला माहीतच नव्हतं. शेजारणीच्या आजोबांचं मधलं नावसुद्धा मला पाठ होतं. मला फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलिंग कार्ड घेऊन नागपूरला फोन लावला. "बाबा, तुमच्या आजीचं नाव काय होतं?"

 बाबा म्हणाले, "आम्ही तर तिले बुढीच म्हणत होतो. थांब, तुह्या आत्याले विचारून सांगतो."

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. आत्याही तिला बुढीच म्हणायची.