हात पाठीमागे!

डिलीट केलेलं खरं तर कुठंच जात नाही, हे आमच्या क्लासात पहिल्याच आठवड्यात शिकवतात. किस्स्यांचंही तसंच आहे. पुसू म्हटलं तरी पुसले जात नाहीत, उलट चहाचा पहिला घोट घेतला की वर येतात.

बिबवेवाडीत एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वर आमचा कॉम्प्युटर फॉरेन्सिक्सचा क्लास होता. गुन्ह्यात जप्त झालेल्या लॅपटॉप-मोबाइलमधून कोर्टात टिकेल असा पुरावा कसा काढायचा, ते शिकायचं. आम्ही तिघं कायम एकत्र. मी, भवानी पेठेतल्या घड्याळवाल्यांचा इरफान आणि पुसदहून आलेला प्रशांत. प्रशांतला वडिलांनी स्पष्ट सांगितलं होतं, "दिवाळीपर्यंत नोकरी लागली त ठीक, नाही त वापस ये अन् काकाच्या खताच्या दुकानात बस!" त्यामुळे आमच्यासाठी जी परीक्षा होती, ती त्याच्यासाठी शेवटची संधी होती. त्याची आई रोज फोन करून एवढंच विचारायची, "झालं का रे काही?" तो "होईल" म्हणायचा आणि आमच्याकडे बघायचा नाही.

*

पहिला दिवस. मॅडमनी टेबलावर एक बंद लॅपटॉप ठेवला आणि म्हणाल्या, "काय दिसतंय ते सांगा." पूर्वी त्या पोलिसांच्या केसेसमध्ये हेच काम करायच्या. त्यांच्या आवाजात राग कधीच नसायचा, तेच जास्त भीतिदायक होतं.

प्रशांत उत्साहानं पुढे झाला आणि त्यानं पॉवरचं बटण दाबलं.

लॅपटॉप सुरू झाला. बंद मशीन नुसतं चालू केलं तरी आतल्या कितीतरी फाइल्सच्या तारखा आणि वेळा बदलतात, हे तेव्हा आम्हाला कुठं माहीत!

"अभिनंदन," मॅडम म्हणाल्या. "आरोपी सुटला."

"मी त फक्त पाहत होतो जी, चालू हाय का बंद!"

"आरोपीचा वकीलही हेच म्हणेल. पेढे वाटताना."

त्या दिवसापासून नियम झाला. खोलीत शिरताना दोन्ही हात पाठीमागे बांधायचे आणि सगळ्या वस्तूंचे फोटो काढून होईपर्यंत सोडायचे नाहीत. "हात घरी ठेवून आलात तरी चालेल," असंही मॅडमनी सुचवून पाहिलं.

*

सवय इतकी मुरली की घरच्यांना त्रास व्हायला लागला. आमच्या स्वयंपाकघरात लोणच्याची बरणी फुटली, तर मी हात पाठीमागे बांधून दारातच उभी! "आई, थांब, आधी फोटो काढू." आई म्हणाली, "गुन्हेगार मला माहितीय. तू फक्त झाडू शोध."

इरफानचं तर विचारूच नका. दुकानात त्याचे अब्बा एक बंद घड्याळ उघडत होते. हा ओरडला, "अब्बा, हात मत लगाओ! पहले टाइम नोट करो!"

अब्बांनी डोळ्यावरचं भिंगही काढलं नाही. "बेटा, घडी बंद पडी है, मरी नहीं।"

*

शनिवारी खोटं कोर्ट भरायचं. मॅडम आरोपीच्या वकील आणि आम्ही एकेक करून साक्षीदार. खोटं म्हणायचं एवढंच, घाम खरा यायचा.

"ही फाइल आरोपीनंच उघडली होती?" मॅडमनी मला विचारलं.

"बहुतेक," मी म्हणाले.

"असं का? मग शिक्षाही बहुतेकच द्यायची ना?"

घरी गेल्यावर मी रडले. पुढे कितीतरी दिवस भाजीवाल्यानं "ताजी आहे" म्हटलं की मी विचारायची, "आपण हे कशावरून म्हणता?"

*

एकदा सरावासाठी मॅडमनी बाजारातून जुन्या हार्ड डिस्क आणल्या होत्या. पुसलेलं परत आणायचं होतं. प्रशांतच्या डिस्कमधून एक व्हिडिओ निघाला. एक लहान मुलगी पहिल्यांदा पाऊल टाकत होती आणि मागून कुणीतरी "ये, ये" म्हणत होतं. आम्ही सगळे त्याच्या खुर्चीमागे गोळा झालो. किती गोड, पुन्हा लाव, असं चाललं होतं.

मॅडमनी मॉनिटर बंद केला. "सापडलं म्हणजे बघायचा हक्क मिळाला, असं नाही."

मला शरमल्यासारखं झालं. प्रशांतनं मुकाट्यानं डिस्क पुसून टाकली, ती मात्र कायमची.

*

आणि मग शेवटचं प्रॅक्टिकल. टेबलावरच्या वस्तूंचे फोटो काढायचे, नोंद करायची आणि एकेक पाकिटात घालून सील करायचं. मोबाइलसाठी चंदेरी पाकीट असतं, त्यात नेटवर्क पोहोचत नाही. हे सील परवाच्या, शनिवारच्या खोट्या कोर्टातच उघडायचं. आधी तुटलं तर नापास. प्रशांत काम करणार होता, इरफान आणि मी पंच, म्हणजे बघून सही करणारे साक्षीदार.

त्याच दिवशी एका फॉरेन्सिक लॅबचा प्रशांतला नोकरीसाठी फोन येणार होता. तिथल्या बाईंनी आधीच सांगितलं होतं, "उचलला नाहीत तर पुढच्या उमेदवाराला विचारू." म्हणून एरवी दाराशी ठेवायचा फोन मॅडमनी त्याला जवळ ठेवू दिला होता.

काम एकदम चोख झालं. आम्ही सह्या केल्या. खाली चहाला आलो आणि प्रशांतनं खिसे चाचपले. मग पुन्हा चाचपले.

"माहा फोन कुठी हाय?"

कॅमेरा हातात घेताना त्यानं तो टेबलावर ठेवला होता. टेबलावर होता म्हणून फोटो काढला, नोंद केली, पाकिटात घातला, सील केला. आणि आम्ही दोन शहाण्या पंचांनी त्यावर सह्या ठोकल्या होत्या!

लॅबचा नंबर त्याच फोनमध्ये. मेल उघडायला गेलो, तर ओटीपीही त्याच फोनवर.

"तोड सील!" इरफान म्हणाला. "नोकरी जाईल, यार!"

आम्ही धावत वर गेलो. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. "तोडायचं तर तोडा. मी अडवणार नाही. कोर्टात मात्र विचारीन."

प्रशांतनं पाकीट उचललं. त्याचा अंगठा सीलवर होता. मी मनातल्या मनात ओरडत होते, तोड रे, तोड! त्यानं पाकीट खाली ठेवलं.

"नाही तोडत जी."

तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला. प्रशांतनं अर्जात ओळखीसाठी त्यांचं नाव दिलं होतं.

"हो, बोलतेय... नाही, तो उचलणार नाही. फोन पुराव्यात जमा आहे... त्यानंच केलाय... हो, स्वतःचाच... नाही, तोडलं नाही. समोरच उभा आहे."

मग पलीकडून कुणीतरी बराच वेळ बोलत राहिलं.

"बरं. सांगते."

मॅडमनी फोन ठेवला. "सोमवारी रुजू व्हा."

प्रशांत मटकन खुर्चीत बसला आणि रडायलाच लागला. इरफाननं आपला फोन त्याच्या हातात कोंबला. "आधी घरी सांग! आईला लाव!"

प्रशांतनं डोळे पुसले, फोन घेतला आणि त्याचं बोट स्क्रीनवर तसंच थांबलं.

"नंबर पाठ नाही. त्याच्यातच हाय."

आम्ही सगळे चंदेरी पाकिटाकडे बघायला लागलो. मॅडमनी ड्रॉवरमधून कात्री काढली आणि त्याच्यासमोर सरकवली.

प्रशांत उठला, दोन पावलं मागे सरकला आणि त्यानं दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"परवा, मॅडम. कोर्टात."