दुष्काळात न शोभणारं अंग

माझ्या आईच्या माहेरची माणसं अंगानं भरलेली. खाण्यानं म्हणावं, तर त्या घरात खाण्यासारखं फारसं कधी नसायचं. मंद्रूपच्या बाजारातला कासार आजीच्या मापाच्या बांगड्या वेगळ्या दोऱ्यात ओवून आणायचा. पुढे मावशीलाही त्याच लागल्या. मावशी गावातच दिलेली. तिची धाकटी जाऊ मात्र कडब्याच्या पेंडीतून निसटलेल्या धाटासारखी. दोघी एकाच चुलीवरचं खात. मी सोलापुरात कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचो आणि आनुवंशिकतेचा धडा वाटाण्याच्या वेलींवर उरकायचो. गावाला तो धडा आधीच येत होता. ‘आयवर गेलीया’ एवढ्यात तो संपायचा.

पाऊस लागोपाठ हुकला आणि गाव आपलं हे शहाणपण विसरलं. मावशीचा नवरा आणि दीर काम शोधायला बाहेर पडले. दोघी जावा दुष्काळी रस्त्यावर खडी फोडायला जाऊ लागल्या. त्या मजुरीवर आणि रेशनच्या लाल मिलो ज्वारीवर घर चालायचं.

एका रविवारी मी कामावरच मावशीला भेटायला गेलो, तर कोणी मोठे पाहुणे पाहणीला यायचे होते. रस्ता व्हायचा होता, कमान झाली होती. मुकादम मावशीपाशी आला.

“मावशी, तुमी जरा ढिगामागं बसा की. फोटो निघणार हाय.”

“का वो? मी काय वंगाळ दिसते?”

“वंगाळ न्हाय. पर तुमी बसला की दुष्काळ दिसंना झालाय.”

बायका हसल्या. मावशीही हसली आणि उठून ढिगामागं गेली. जावेला पुढं बसवलं. पाहुण्यांनी तिच्याकडं पाहून बराच वेळ मान हलवली. त्यांना फार वाईट वाटलं असावं, कारण तिथून ते थेट जेवायलाच गेले.

चेष्टा तिथंच थांबली नाही. मावशीच्या घरी जमिनीखालच्या पेवात ज्वारी आहे, असं लोक बोलू लागले. ज्याच्या घरी धान्य, त्याला काम नाही, असा नियम होता. पुढचं मला जावेनं सांगितलं. मुकादम दोन माणसं घेऊन घरी आला. अंगणातल्या पेवाच्या तोंडावरची फरशी काढली, कोंडलेली हवा जाऊ दिली, मग दोरीनं कंदील आत सोडला. तळाशी अंथरलेली जुनी काडी तेवढी होती. मुकादमानं आत पाहिलं, मग मावशीकडं पाहिलं.

“मग तुमी अशा कशा?”

“माजी आय बी अशीच हुती.”

“तवा पिकत हुतं,” मुकादम म्हणाला.

काम राहिलं. संशयही राहिला. पेव रिकामं, म्हणजे ज्वारी दुसरीकडं, असा लोकांचा हिशेब.

पुन्हा गेलो तेव्हा मावशी भिंतीला टेकून बसलेली, ओठ सुकलेले. कामावर भोवळ येऊन पडली होती. पाणी द्यायलाही कोणी घाई केली नव्हती. एवढ्या जाड बाईला भुकेनं भोवळ येईल हे कोणाला पटेना.

“अक्का आपली भाकर मला देत्यात,” जाऊ म्हणाली. “मी खाऊन मला लागंना, अन् न खाता त्यांचं उतरंना.”

मी मावशीला कारण विचारलं.

“जरा उतरले की लोकांचा इस्वास बसंल. काम गेल्यावर खायाचं काय?”

मी तिला समजावलं. काही शरीरं मिळेल ते धरून ठेवतात, हे रक्तातूनच येतं, उपाशी राहून तू जावेसारखी होणार नाहीस. जुन्या दुष्काळांत कदाचित असलीच शरीरं तगली असतील, हेही सांगितलं. वर्गात हे वाक्य चांगलं वठायचं.

“हे मुकादमाला सांग की,” ती म्हणाली.

त्याला मी येतानाच सांगून आलो होतो. तो ‘बराबर हाय, सर’ म्हणाला होता आणि लगेच, ‘पर लोकांस्नी कोण सांगणार?’

मग मी ताट घेऊन तिच्यासमोर बसलो. “तू खाल्ल्याशिवाय मी एस.टी. धरत नाही.”

मावशी जावेला म्हणाली, “आदी दार लोट. खाताना कुणी बगाय नको.”

जावेनं दार लोटलं. मावशीनं भाकरी मोडली, मीठ-मिरचीला लावली आणि भराभर चावू लागली. तेवढ्यात बाहेरून शेजारणीचा आवाज आला.

“भर दुपारचं दार का लोटलंय वो? आत काय चाललंय?”

मावशीनं हातातला घास ताटात परत ठेवला.