बैठकीत फोडलेला कांदा

आता कुठून सुरुवात करू? फजिती रावेरातच राहिली असती तर चाललं असतं. पण ती परदेशात गेली हो, तीही पासपोर्टशिवाय!

शेजारची प्रज्ञा केळीच्या पॅकिंगला जाणाऱ्या बायांना मोबाईलवर भाव बघायला शिकवते. तिला देशोदेशीच्या लोकांच्या ऑनलाइन बैठकीत बोलायला पाच मिनिटं मिळाली होती. तिनं मराठीत बोलायचं, तिकडची दुभाषी बाई त्याचं इंग्रजी करणार.

"काय करून राहिली गं?" मी थेट तिच्या पाठीशी.

"काकू, हळू! माइक चालू आहे. जगातला एकही माणूस इंटरनेटच्या बाहेर राहू नये, म्हणून बैठक आहे. आता माझाच नंबर. आपल्या गावांचं सांगायला पुन्हा कोण बोलावणार?"

मी गप्प बसले. खरंच बसले! पण डोळ्यांना कसं बसवू? पडद्यावर चौकटीचौकटीत माणसं. कोपऱ्यातले एक टकले भाऊ मात्र... तोंड उघडं, एक डोळा मिटलेला, हात वर. हलेचनात!

"माय वं! या भाऊंना झटका आला!"

"काकू, त्यांचं नेटवर्क अडकलंय..."

"नेटवर्क गेलं खड्ड्यात, इथं माणूस चाललाय!"

वाट कोण बघतो? स्वयंपाकघरातून कांदा आणला, बुक्कीनं फोडला आणि पडद्यावर बरोब्बर भाऊंच्या नाकाशी धरला. ढिम्म! मग मात्र मी गळाच काढला, "गेले हो, भाऊ गेले!"

कांद्यानं प्रज्ञाच्या डोळ्यांना धारा. दुभाषी बाईला वाटलं, पोरगी रडतेय म्हणजे खरंच. तिनं इमानदारीत माझ्या रडण्याचं इंग्रजी केलं.

झालं! अध्यक्षबाई उठल्या. एकेक देश उभा राहिला. माना खाली, सगळीकडे शांतता. दुःखात मलाही जरा बरं वाटलं.

तेवढ्यात कोपऱ्यातली चौकट हलली. बघते तर काय, टकले भाऊसुद्धा उभे, मान खाली! हळूच काहीतरी पुटपुटले.

दुभाषी बाई म्हणाली, "ते विचारताहेत, कोण वारलं?"

"तुम्हीच!" मी म्हटलं.

अध्यक्षबाई हसून हसून खुर्चीत कोसळल्या. प्रज्ञाची पाच मिनिटं त्यांनी पुन्हा दिली, फक्त एका अटीवर.

पोरगी काय बोलली म्हणता! एकही माणूस बाहेर राहू नये, हे बठ्ठ्या, अख्ख्या जगाला पटलं. टाळ्या मी स्वतः ऐकल्या.

खिडकीतून. मी दारापुढच्या ओट्यावर होते, आणि दाराला आतून कडी होती.