अशा इमारतीचा प्रत्येक दरवाजा

दातांच्या डॉक्टरांकडे पाळीची वाट बघत असताना माझं ताईंकडे पहिल्यांदा लक्ष गेलं. साठीच्या आसपासचं वय, अंग काटकुळं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेला. नाव सांगून झालं, पण बसायच्या आधी त्या परत दाराशी गेल्या. दार आतून ढकलून पाहिलं. उघडेना. मग स्वतःकडे ओढलं, तेव्हा उघडलं.

"काही विसरलात का?" नावं लिहून घेणाऱ्या मुलीने विचारलं.

"नाही. हे दार आत उघडतं."

"हो, पहिल्यापासून तसंच आहे."

"गर्दीच्या दिवशी किती माणसं असतात इथे?"

"असतात पंधरा-वीस. का हो?"

"सहज," म्हणून ताई अगदी दाराला लागून असलेल्या खुर्चीत बसल्या. पाळी आली तेव्हा त्यांना दोनदा हाक मारावी लागली. त्या आत गेल्यावर ती मुलगी हळूच म्हणाली, "लोक डॉक्टरांच्या मशीनला घाबरतात, या बाई दाराला घाबरतात!" सगळे हसले.

पुढे ओळख वाढली, येणंजाणं सुरू झालं, आणि ताईंनी जे सांगितलं ते ऐकल्यावर त्या हसण्याची आठवणही नकोशी झाली.

ताईंनी सरकारी छापखान्यात एकतीस वर्षं प्रुफं तपासली. देशाच्या सभागृहात एखादं विधेयक मांडायचं म्हणजे त्याची छापील प्रत त्या दिवशी सकाळी प्रत्येक सदस्याच्या बाकावर असावी लागते. त्या प्रती या छापखान्यातून जात. कायद्याची भाषा कोरडी आणि वाक्यं लांबच लांब, त्यामुळे प्रूफ एकट्याने वाचायचं नाही असा तिथला शिरस्ता होता. दोघांनी समोरासमोर बसायचं. एकाने मंत्रालयातून आलेली मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने छापील कागदावर ओळीखाली पट्टी धरून ऐकायचं. वाचणारा विरामचिन्हंसुद्धा बोलून दाखवी. स्वल्पविराम आला की "स्वल्प", पूर्णविराम आला की "पूर्ण". शेवटी दोघांनी सही करायची.

ताईंच्या समोर वीस वर्षं काका बसले. काका म्हणजे अख्ख्या छापखान्याचे काका. आवाज असा की वाण्याची यादी वाचली तरी ऐकत राहावं. "घरी काकूंशी बोलतानाही स्वल्प, पूर्ण म्हणता का हो?" असं ताईंनी एकदा विचारलं तर म्हणाले, "बोलायला मिळालं तर म्हणेन ना!"

तो शुक्रवार होता. सोमवारी अधिवेशन सुरू व्हायचं होतं आणि अकरा विधेयकं वाचायची राहिली होती. काकांना आठवडाभर खोकला. दुपारपर्यंत दहा वाचून झाली तेव्हा त्यांना एका वाक्यात तीनदा थांबावं लागत होतं. अकरावं विधेयक कामगारांच्या सुरक्षिततेचं, चाळीस पानांचं.

"हे राहू द्या काका," ताई म्हणाल्या. "प्रूफ स्वच्छ दिसतंय. मीच नजरेखालून घालते."

"न ऐकता?"

"एक दिवस. घशाकडे बघा जरा. बोलता येईनासं झालं तर काकू मला धरतील."

काकांनी मूळ प्रत मिटली. गरम पाण्याचा पेला हातात धरून समोर बसून राहिले. ताईंनी चाळीस पानं लक्षपूर्वक वाचली, तीन चुका काढल्या, आणि मनातून थोड्या खूशही झाल्या. सही केली. कागद काकांकडे सरकवला. काकांनी पेन उचललं, क्षणभर तसंच धरलं, आणि सही केली.

विधेयक मांडलं गेलं, त्यावर दोन दिवस चर्चा झाली, ते मंजूर झालं. पुढच्या वर्षी काका निवृत्त झाले आणि त्यानंतर तिसऱ्या वर्षी गेले.

त्या शुक्रवारनंतर नऊ वर्षांनी एका शिवणकारखान्याच्या वसतिगृहाला आग लागली. सात बायका गेल्या. आग त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती, पोचला तो धूर. सगळ्या जिन्यावरून खाली दाराशी आल्या होत्या, पण दार आत उघडणारं होतं. ते उघडायचं तर पुढच्यांनी एक पाऊल मागे यायला हवं, आणि मागून लोटालोट. कडी काढलेली सापडली. दार तसंच बंद.

चार दिवसांनी वर्तमानपत्रात कारखान्याच्या वकिलाचं म्हणणं आलं. कायद्याचं कलमच त्याने दिलं होतं: 'ज्या इमारतीत कामगार काम करतात अशा इमारतीचा प्रत्येक दरवाजा बाहेरच्या बाजूस उघडणारा असेल.' म्हणजे कामाची इमारत. राहण्याची इमारत सभागृहाने विचारपूर्वक वगळली आहे, तेव्हा मालकाने कोणताही कायदा मोडलेला नाही.

ताई भावाकडे राहत, तिथल्या स्वयंपाकघरात उभ्या राहून त्या हे वाचत होत्या. 'अशा इमारतीचा' पर्यंत आल्या आणि त्यांना काकांचा आवाज ऐकू आला. "स्वल्प," काका म्हणाले. छापलेल्या वाक्यात तिथे स्वल्पविराम नव्हता. आवाज थांबून राहिला, वाचणारा समोरच्याची पट्टी पोचण्याची वाट बघतो तसा.

"ताई, दूध!" वहिनी ओरडल्या. दूध केव्हाच उतू गेलं होतं.

मूळ प्रती छापखान्याच्या तळघरात दहा वर्षं ठेवत आणि मग कागदाचा लगदा करायला पाठवत. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ताई खाली गेल्या. गठ्ठा सापडला. बाराव्या पानावर होतं: 'ज्या इमारतीत कामगार काम करतात अशा इमारतीचा, तसेच ज्या इमारतीत कामगार निवास करतात अशा इमारतीचा प्रत्येक दरवाजा...' मजकूर जुळवणाऱ्याची नजर पहिल्या 'अशा इमारतीचा' वरून उठली ती दुसऱ्यावर जाऊन बसली. मधलं गळलं. ही चूक प्रुफं वाचणाऱ्या कुणालाही नवीन नाही, मोठ्याने वाचण्याची पद्धत पडली ती हिच्यामुळेच. उरलेलं वाक्य इतकं धडधाकट होतं की एकटं वाचणाऱ्याला कुठेच ठेच लागू नये. मंत्रालयाला लागली नाही, सभागृहाला लागली नाही. पण त्यांच्यापैकी कुणाच्या हातात पट्टी नव्हती.

पानाखाली दोन सह्या. ताईंनी गठ्ठा बांधून जागेवर ठेवला आणि वर येऊन कामाला लागल्या. कुणाला सांगितलं नाही.

पण ते सुटेना. काकांच्या जागी आता एक मध्यमवयीन बाई वाचायला बसत. त्या वाचत असताना त्यांच्या आवाजाखाली ताईंना दुसरा आवाज ऐकू येई, खालच्या पट्टीतला, शांत. एकदा त्या बाई पाणी प्यायला थांबल्या आणि ताईंची पट्टी आपली पुढे सरकत राहिली.

"अहो, मी थांबलेय."

"हो का? मला वाटलं..."

"काय वाटलं? दुसरं कोण वाचतंय इथे?"

ताईंना सगळ्यात नवल याचंच वाटे. ते पान काकांनी कधी वाचलंच नव्हतं. वाचलं असतं तर प्रश्नच नव्हता. मग जे वाचलं नाही ते ऐकू कसं येतं?

मग दारं सुरू झाली. बँक, दवाखाना, शिंप्याचं दुकान. जिथे जातील तिथे आधी दार. घरी तर वहिनींनी डोक्याला हात लावला.

"काय हो ताई, त्या दाराशी लग्न लावायचंय का? सकाळपासून उघडझाप चाललीय!"

"सुताराला बोलावू या का? बाहेर उघडेल असं करून घेऊ."

"म्हणजे समोरच्यांच्या नाकावर आपटायला! आधीच ते आपल्याशी बोलत नाहीत."

"नाक तरी शिल्लक राहील," ताई म्हणाल्या. वहिनी हसल्या, ताई मात्र हसल्या नाहीत. त्या संध्याकाळी वहिनींनी काही न विचारता ताईंच्या डोक्याला तेल लावून दिलं.

असे पाच महिने गेले. मग एका खासदारबाईंनी स्वतःच्या नावाने एक विधेयक दिलं: कामगारांच्या वसतिगृहांनाही दारांचा नियम लावावा. सदस्यांनी स्वतःहून दिलेली अशी विधेयकं दर अधिवेशनात ढिगाने मांडली जातात आणि बहुतेक तिथेच राहतात. हे दोन पानांचं होतं. ते छापखान्यात आलं आणि समोरच्या बाई वाचू लागल्या, "तसेच ज्या इमारतीत कामगार निवास करतात..." ताईंच्या हातातली पट्टी टेबलाखाली पडली.

विधेयक मांडलं गेलं. आठवड्याने मंत्र्यांचं उत्तर छापून आलं. मूळ कायदा करताना सभागृहाने वसतिगृहं विचारपूर्वक वगळली होती, तो निर्णय आता फिरवण्याचं कारण दिसत नाही. त्याच सुमारास छापखान्याच्या फळ्यावर लगद्याला जाणाऱ्या गठ्ठ्यांची यादी लागली. त्या वर्षाचे गठ्ठे जायला चार महिने होते. ते गेले की सभागृहाने काहीही वगळलं नव्हतं हे सांगणारा कागद जगात उरणार नव्हता.

स्वतःच्या सहीचं काय व्हायचं ते होऊ दे, असं ताईंनी ठरवलं होतं. पाय अडत होता तो दुसऱ्या सहीपाशी. गेलेला माणूस, छापखान्यात अजून ज्याच्या नावाने नव्यांना दटावतात तो. ताई काकूंकडे गेल्या.

काकू शेंगा सोलत होत्या. ताईंनी सगळं सांगितलं. काकूंचा हात थांबला नाही.

"कोणता वार होता गं तो?"

"शुक्रवार. सोमवारी अधिवेशन होतं."

"म्हणजे तोच. घरी आले ते चपलासुद्धा न काढता खुर्चीत बसले. म्हणाले, आज न ऐकता सही केली. मी म्हटलं, मग जेवायचं काय? तर नको म्हणाले. मला वाटलं खोकल्याने."

"मला कधी बोलले नाहीत."

"तुला कसे बोलतील? तू त्यांच्या घशासाठीच केलंस ना?" काकूंनी सालं एका बाजूला लोटली. "सात जणी म्हणालीस?"

"सात."

"वयं काय होती?"

ताईंनी सातही वयं सांगितली. त्यांना पाठ होती. सगळ्यात धाकटी एकोणीस वर्षांची होती. काकूंनी हातातली शेंग न सोलताच खाली ठेवली. मग म्हणाल्या, "नाव लागलं तर लागू दे. ते असते तर तुझ्याआधी गेले असते. आणि हे बघ, रडायचं असेल तर इथे रड. साहेबांपुढे रडू नकोस."

छापखान्याचे अधीक्षक तसे भले गृहस्थ. त्यांनी दार लावून घेतलं, ताईंचं पत्र दोनदा वाचलं.

"तुम्हाला हे कुणी विचारलंय का?"

"नाही, साहेब."

"दोन वर्षं राहिलीत तुमची. जुळवणारा गेला, काका गेले. राहता कोण? तुम्ही. सगळं तुमच्यावर येईल, कळतंय ना?"

"कळतंय."

"मग चार महिने थांबायला काय हरकत आहे?"

"चार महिन्यांनी विचारलं, तर दाखवायला काय असेल, साहेब?"

साहेबांनी पत्रावर तारीख घातली. बाराव्या पानाची नक्कल खासदारबाईंकडे गेली, तिथून सभागृहात, तिथून वर्तमानपत्रांत. त्यात काकांचं पूर्ण नाव आलं. विधेयक फेटाळायचं होतं ते आता समितीकडे गेलं. चौकशी होऊन ताईंना प्रुफांवरून हलवलं, आणि उरलेली दोन वर्षं त्यांनी पाठवणीच्या खोलीत पाकिटांवर पत्ते चिकटवत काढली. छापखान्यात काही जण त्यांच्याशी बोलत, काही टाळत. काकांचा आवाज थांबेल अशी त्यांना आशा होती. तो थांबला नाही. फक्त आता तो 'स्वल्प' पाशी अडत नाही, ते वाक्य शेवटपर्यंत वाचतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

निवृत्तीनंतर समितीने साक्षीसाठी बोलावलं. बाहेरच्या बाकावर ताईंच्या शेजारी एक बाई बसल्या होत्या, मांडीवर कापडी पिशवी घट्ट धरून.

"किती वाजता बोलावलंय तुम्हाला?" त्या बाईंनी विचारलं.

"अकराला."

"मलाही. तुमची कोण होती?"

ताईंना आधी कळलं नाही. मग कळलं, त्या सात जणींपैकी.

"माझी कुणी नव्हती. मी छापखान्यात होते. ती ओळ माझ्याकडून गेली."

त्या बाईंनी ताईंकडे पाहिलं. पिशवी उचलली आणि समोरच्या बाकावर जाऊन बसल्या. दीड तास दोघी समोरासमोर होत्या. मग शिपाई येऊन सांगून गेला की आजची बैठक पुढे ढकलली आहे.

दुसरी तारीखही अशीच गेली. विधेयक समितीकडेच आहे. तिसऱ्या तारखेचं पत्र अजून आलेलं नाही. ते येईल तेव्हा आपण घरी असावं म्हणून ताई गेली दोन वर्षं शहराबाहेर गेलेल्या नाहीत, भाचीच्या लग्नालासुद्धा नाही.